कॅप्टन अमेरिकाचा रंग बदलला की आणखी काय काय बदलावं लागतं?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 'माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला सुपरहिरोंच्या चित्रपटांचं वेड आहे. कॅप्टन अमेरिका आता काळा माणूस झाला, यावरून त्याच्या वर्गात भांडणं झाली. मूळ कॉमिकमधला गोरा नायक पडद्यावर काळा करणं ही मूळ कथेशी बेइमानी नाही का? हे कथेत राजकारण घुसडणंच नाही का? आणि एवढ्याशा गोष्टीवरून अमेरिकेत लोक इतके का पेटतात? मुलासोबत मी काय बघू?'

पुस्तकातली गोष्ट पडद्यावर आणायचं काम मी वीसेक वर्षं करते आहे. त्यातली काही वर्षं अमेरिकेतल्या रायटर्स रूममध्ये गेली. तिथं आठ-दहा लेखक एका टेबलाभोवती बसतात आणि एकेका दृश्यावर दिवस दिवस वाद घालतात. तिथं शिकले त्यावरून सांगते. रंग बदलणं ही बेइमानी नाही. रंग बदलायचा आणि बाकी एक अक्षरही बदलायचं नाही, ही बेइमानी. राजकारणाचं म्हणाल, तर ते बाहेरून आणावंच लागत नाही. या गोष्टींचा जन्मच त्यात झालेला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. तुमच्या मुलाच्या वर्गात ज्यावरून भांडण झालं, त्यात कुणाचाच रंग बदललेला नाही. सॅम विल्सन म्हणजे 'फाल्कन' हे पात्र १९६९ पासून कॉमिकमध्ये आहे आणि पहिल्या दिवसापासून ते काळंच आहे. २०१४ मध्ये कॉमिकमध्येच स्टीव्ह रॉजर्सनं, म्हणजे मूळच्या गोऱ्या कॅप्टन अमेरिकानं, त्याच्या हाती आपली ढाल सोपवली. चित्रपट त्याच वाटेनं पाच वर्षांनी गेला. म्हणजे ढालीला नवा वारस मिळाला, कुणा माणसाचा रंग बदलला नाही. तरीही भांडण झालं, याचा अर्थ दुखणं 'मूळ कथेशी इमान' हे नव्हतं.

'मूळ' या शब्दाबद्दल मी फार सावध असते. मूळ कॉमिकमध्ये नायक गोरा होता, हे खरं. पण तो गोरा कसा राहिला, हेही बघायला हवं. १९६३ मध्ये मार्व्हल या कॉमिक प्रकाशनानं दुसऱ्या महायुद्धावरचं 'सार्जंट फ्युरी' सुरू केलं. त्या तुकडीत गेब जोन्स नावाचा काळा सैनिक होता. अंक छापायला गेला आणि रंगकाम करणाऱ्यांनी त्याला गोरा रंगवून टाकला. अमेरिकी सैनिक म्हणजे गोरा, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की वेगळं काही लिहिलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्याआधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९५४ मध्ये कॉमिक्सवर नियमावली आली, 'कॉमिक्स कोड'. ईसी कॉमिक्स या प्रकाशनाची 'जजमेंट डे' नावाची एक अंतराळकथा होती. निळ्या आणि नारिंगी यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा प्रतिनिधी जातो. तिथला रंगभेद बघून तो सांगतो, तुम्ही अजून आमच्यात यायला तयार नाही. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि दिसतो एक काळा माणूस, कपाळावर घामाचे थेंब चमकत असलेला. १९५६ मध्ये ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कोडच्या प्रमुखानं अडवलं: हा माणूस काळा असता कामा नये. प्रकाशक बिल गेन्स हटला नाही. मग मागणी आली, निदान घाम तरी काढा. गेन्सनं तेही मानलं नाही, कथा होती तशी छापली, आणि त्यानंतर ईसीचं कॉमिक पुस्तक निघालंच नाही.

ज्या काळात घामाच्या थेंबांवरूनही मान्यता अडत होती, त्या काळातला प्रत्येक गोरा नायक हा नैसर्गिक क्रमानं गोरा झाला असं म्हणता येत नाही. तोही एक निर्णय होता, फक्त कुणी मोठ्यानं उच्चारला नाही.

आपल्याकडच्या ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्स वाचली, त्यांनी वेताळ आणि मँड्रेक आठवून बघावेत. वेताळाच्या गोष्टीत आफ्रिकेच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोरं घराणं राज्य करतं आणि आजूबाजूचे सगळे त्याला अमर मानतात. जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र, पण सुरुवातीची तीस वर्षं तो बिबट्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं बोलत जादूगाराच्या मागे उभा असे. १९६५ च्या सुमारास त्याचे कपडे आणि भाषा सुधारली. तेच वर्ष अमेरिकेत काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा होण्याचं. लहानपणी मला लोथार फार आवडायचा. त्याला नीट वाक्यं का दिली नव्हती, हा प्रश्न मात्र मला तिशी उलटल्यावर पडला, आणि तो पडला तेव्हा माझी वाचनाची सवयच बदलली.

आता तुमचा तिसरा प्रश्न, लोक इतके का पेटतात.

सुपरहिरो म्हणजे काय, हे पोशाख बाजूला ठेवून बघा. एक माणूस तोंड झाकतो, रात्री बाहेर पडतो आणि कायदा हातात घेऊन गुन्हेगार कोण ते स्वतः ठरवतो. अमेरिकेच्या इतिहासात असे मुखवटेवाले कॉमिक्सच्या कितीतरी आधी होऊन गेले. ते होते काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेचे स्वार. १९०५ च्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीत ते तारणहार म्हणून आले. १९१५ मध्ये दिग्दर्शक ग्रिफिथनं त्यावरून 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट केला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासाठी तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मेलेली क्लॅन जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. क्रूस जाळण्याचा तिचा विधीही त्या कादंबरी-चित्रपटातून उचललेला. अमेरिकी पडद्यावर मुखवटा घालून 'न्याय' करणाऱ्यांचा हा पहिला मोठा विजय, आणि तोही एका पुस्तकाचं रूपांतर होता. माझ्या पेशातली ही गोष्ट मी कुठल्याही नव्या लेखकाला पहिल्याच दिवशी सांगते, कारण रूपांतर किती दूरवर जाऊ शकतं हे तिच्यावरून कळतं.

पुढच्या काळात राजकारणातली भाषा सभ्य झाली. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात निक्सन 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणत. वंशाचं नाव न घेता कुणाची भीती घालायची ते ऐकणाऱ्याला बरोबर समजत होतं. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांच्याविरुद्ध विली हॉर्टन या काळ्या कैद्याचा फोटो दाखवणारी जाहिरात आली, तेव्हाही शब्दांत वंश नव्हता. चेहरा पुरेसा होता. गुन्हेगाराचा चेहरा काळा आणि रक्षकाचा गोरा, अशी जोडी ज्या देशात निवडणुका फिरवू शकते, तिथं रक्षकाचा चेहरा बदलणं ही करमणुकीपुरती गोष्ट कशी राहील?

२०११ च्या 'थॉर'मध्ये हाइमडॉल या नॉर्स पुराणातल्या देवाच्या भूमिकेत काळा नट इद्रिस एल्बा आला, तेव्हा बहिष्काराची हाक देणाऱ्यांत 'कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स' ही संघटना पुढे होती. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालानंतर तो निकाल हाणून पाडायला ज्या 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल' उभ्या राहिल्या, त्यांची ही वारस. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना मारणाऱ्या तरुणानं आपल्या लिखाणात याच संघटनेच्या संकेतस्थळाचा उल्लेख केला होता. म्हणून 'चित्रपटच तर आहे' असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. २०११ मध्येच कॉमिकमध्ये माइल्स मोरालेस हा काळा-पोर्तोरिकन स्पायडरमॅन आला. ओबामांची निवड ही त्यामागची एक प्रेरणा होती, असं मार्व्हलच्या संपादकांनी उघड सांगितलं. एका उजव्या रेडिओ-सूत्रधारानं त्याचा संबंध थेट मिशेल ओबामांशी जोडला. दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की हे व्हाइट हाउसबद्दलही चाललंय.

इथवर राजकारण झालं. आता कामाबद्दल बोलते, कारण चांगलं रूपांतर आणि वाईट रूपांतर यांतला फरक इथं कळतो.

एका बैठकीत मी होते. गोऱ्या नायकाची भूमिका काळ्या नटाला द्यायची ठरली होती. निर्मात्यांपैकी एक जण उत्साहानं म्हणाला, 'पटकथेला हात लावू नका, तेच खरं समतेचं लक्षण.' पटकथेत नायक मध्यरात्री एका श्रीमंत वस्तीतल्या घराच्या खिडकीतून आत शिरतो, शेजारी दिवा लावतो, नायक हसून हात हलवतो आणि शेजारी झोपायला जातो. मी विचारलं, अमेरिकेत काळा माणूस रात्री खिडकीतून शिरताना दिसला तर तो शेजारी झोपायला जाईल? खोलीत शांतता पसरली. एका काळ्या सहकारी लेखिकेनं माझ्याकडे बघितलं, तिनं तोच प्रश्न मनात धरून ठेवला होता. ते दृश्य शेवटी तसंच गेलं. त्या बैठकीत मी आणखी जोरात बोलायला हवं होतं, ही रुखरुख मला आजही आहे.

२०१५ च्या 'फँटॅस्टिक फोर'मध्ये काळा नट मायकल बी. जॉर्डन जॉनी स्टॉर्म झाला. मूळ कॉमिकमध्ये जॉनी आणि त्याची बहीण स्यू दोघं गोरी. चित्रपटात स्यू दत्तक घेतलेली दाखवली. काळा शास्त्रज्ञ बाप, त्याचा काळा मुलगा, दत्तक गोरी मुलगी: या एका घरात केवढी गोष्ट दडली होती! चित्रपटानं ती उघडलीच नाही. नटावर शिव्यांचा वर्षाव झाला, आणि पटकथेनं त्याला उभं राहायला जागाही दिली नव्हती. ही मला दुहेरी क्रूरता वाटते. उलट निक फ्युरी हे मूळचं गोरं पात्र काळ्या सॅम्युएल जॅक्सनच्या रूपात सहज रुजलं, कारण २००२ च्या 'अल्टिमेट्स' कॉमिकमध्येच तो जॅक्सनच्या चेहऱ्यावर बेतला गेला होता. चित्रपट आला तोवर वाचकांना त्याची ओळख झाली होती.

कधी कधी कपड्याचा एक तुकडा सगळं काम करतो. १९७२ चा ल्यूक केज म्हणजे खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेला, तिथल्या प्रयोगातून अभेद्य कातडी मिळालेला काळा माणूस. कॉमिकमध्ये त्याला पिवळाधमक उघड्या छातीचा सदरा आणि डोक्यावर धातूची पट्टी होती. २०१६ च्या मालिकेत त्याला साधी हुडी घातली. २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र काळ्या मुलाला गोळी घातली गेली, तेव्हा त्याच्या अंगात हुडी होती. गोळ्यांनी चाळण झालेली हुडी घालून चालणारा आणि तरीही न पडणारा माणूस बघताना अमेरिकी प्रेक्षकाला काय वाटलं असेल, याला संवादाची गरज नव्हती. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीतले काळे पुरुष स्वतःच भोकं पाडलेल्या हुड्या घालून फिरतात, म्हणजे पोलिसांना केज नेमका कोण ते कळू नये. शिंप्याच्या कामातून राजकारण सांगता येतं ते असं.

'वॉचमेन'बद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण या विषयावरचं याहून थोर रूपांतर मी बघितलेलं नाही. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं मूळ पुस्तक १९८६-८७ चं. त्यात अमेरिकेतला पहिला मुखवटाधारी नायक आहे 'हूडेड जस्टिस'. डोक्यावर टोपडं, गळ्यात फाशीचा दोर. तो कोण हे पुस्तकात शेवटपर्यंत कळत नाही. तो सर्कशीतला एक जर्मन पहिलवान असावा, असा तर्क पुस्तकातलं एक पात्र करतं. हजारो वाचकांनी ते पुस्तक पाठ केलं, मीही. आणि गळ्यातला दोर आम्हा सगळ्यांना केवळ पोशाखाचा भाग वाटला.

२०१९ च्या मालिकेचा कर्ता डेमन लिंडेलॉफ आणि त्याचे सहकारी लेखक यांनी तो दोर वाचला. अमेरिकेत टोपडं आणि दोर एकत्र कुठे असतात? झुंडीनं काळ्या माणसाला झाडाला टांगताना. मग हा दोर स्वतःहून गळ्यात वागवणारा माणूस कोण असेल? त्यांचं उत्तर: विल रीव्ह्ज, १९३८ च्या न्यूयॉर्कमधला काळा पोलीस. गोरे सहकारी पोलीसच त्याला टोपडं घालून झाडाला लटकवतात, मरता मरता खाली सोडतात आणि धमकावून जातात. तो तसाच दोर गळ्यात घेऊन घरी निघतो. वाटेत एका जोडप्यावर हल्ला होताना दिसतो. तो क्षणभर थांबतो, डोक्यावर तेच टोपडं पुन्हा चढवतो आणि त्यांना वाचवतो. पुढे मुखवट्याच्या भोकांतून काळी कातडी दिसू नये म्हणून तो डोळ्यांभोवती पांढरा रंग लावतो, कारण आत गोरा माणूस आहे असं वाटलं तरच लोक त्याला नायक मानणार. हा भाग लिंडेलॉफ आणि कॉर्ड जेफरसन यांनी लिहिला आणि त्याला एमी हा टीव्ही मालिकांचा पुरस्कार मिळाला.

मूळ पुस्तकातली एकही रेघ त्यांनी खोडली नाही. तिथं गप्प राहिलेली जागा होती, ती त्यांनी ऐकली. मी शिकवताना या भागावर दोन पूर्ण तास घालवते.

ती मालिका उघडते टल्सामध्ये. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या झुंडीनं तिथला ग्रीनवूड हा काळ्यांचा भरभराटीचा भाग जाळून टाकला. ही घटना खरी आहे हे असंख्य अमेरिकनांना या मालिकेमुळे पहिल्यांदा कळलं. त्याच ओक्लाहोमा राज्यात २०२१ मध्ये, टल्साच्या शताब्दीच्या महिन्यात, वर्गात वंशाबद्दल काय शिकवता येईल यावर मर्यादा घालणारा कायदा झाला. शाळेत जे बोलायला शिक्षक बिचकतो, ते सुपरहिरोच्या मालिकेतून घरोघर पोहोचलं.

'ब्लॅक पँथर'चं उदाहरण बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यातलं कमी बोललं जातं तेवढंच सांगते. हे पात्र १९६६ च्या उन्हाळ्यात आलं, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष त्याच ऑक्टोबरमध्ये ओकलंडला स्थापन झाला. नावाच्या या योगायोगाची मार्व्हलला इतकी धास्ती वाटली की १९७२ मध्ये काही काळ त्यांनी नायकाला 'ब्लॅक लेपर्ड' केलं. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं तेच नाव अभिमानानं घेऊन दलित पँथर उभी केली. न्यूयॉर्कचं प्रकाशन ज्या शब्दापासून दूर पळत होतं, तो शब्द वरळी-नायगावच्या चाळींत भिंतींवर लिहिला जात होता. २०१८ चा चित्रपट ओकलंडमध्येच सुरू होतो, १९९२ साली. कॉमिकमधला खलनायक किलमाँगर हार्लेममध्ये वाढलेला. दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ओकलंडचा, त्यानं खलनायकाला आपल्या आणि पँथर पक्षाच्या गावी आणलं. एवढ्या एका बदलानं खलनायकाचा राग इतिहासाला जोडला गेला. त्याच चित्रपटात एम्बाकू या टोळीप्रमुखाचं कॉमिकमधलं 'मॅन-एप' हे नाव गाळलं. काळ्या माणसाला माकड म्हणण्याची अमेरिकेतली परंपरा ठाऊक असलेला कुणीही ते ठेवणार नाही. पण त्याच्या टोळीचं वानरदैवत ठेवलं, आणि त्याच्या तोंडी हनुमानाचा जयजयकार दिला. भारतात सेन्सॉरनं तेवढा शब्द निःशब्द केला. अमेरिकेत जे अपमानाचं चिन्ह होतं ते श्रद्धेचं करायला लेखकांनी आपल्या मारुतीचा आधार घेतला, आणि आपल्याच थिएटरात तो ऐकू आला नाही, याचं मला वाईट वाटलं.

आता परत कॅप्टन अमेरिकाकडे. २०११ च्या चित्रपटात स्टीव्ह रॉजर्सच्या तुकडीत गेब जोन्स आहे, जपानी वंशाचा जिम मोरिटा आहे, सगळे एकत्र लढतात, कुणी काही बोलत नाही. दिसायला छान. पण महायुद्धात अमेरिकी लष्कर वर्णानुसार विभागलेलं होतं. विभागणी संपवण्याचा ट्रूमन यांचा आदेश १९४८ चा. जपानी वंशाची कुटुंबं तेव्हा छावण्यांत डांबलेली होती. चित्रपटानं नट नेमले आणि इतिहास पुसला. ही चूक २००३ च्या 'ट्रुथ' या कॉमिकनं आधीच दुरुस्त करून ठेवली होती. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी त्यात विचारलं की गोऱ्या तरुणाला कॅप्टन अमेरिका बनवणारं सिरम वापरायचं असेल, तर आधी ते कुणावर तपासलं असेल? टस्कीगीमध्ये १९३२ पासून चाळीस वर्षं शेकडो काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना वाढू देऊन नुसता बघत बसलेल्या सरकारी अभ्यासाचा धागा त्यांनी उचलला, आणि आयझाया ब्रॅडली हा माणूस निर्माण केला: पहिला काळा कॅप्टन अमेरिका, ज्याला देशानं तुरुंगात टाकलं आणि विसरून गेला.

२०२१ च्या 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर' मालिकेत हा आयझाया आला आणि ढाल घ्यायची की नाही हा सॅमचा प्रश्न खरा झाला. म्हातारा त्याला स्पष्ट सांगतो की स्वाभिमानी काळा माणूस ही ढाल घेणार नाही. लेखकांनी या युक्तिवादाला सोपं उत्तर दिलं नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. २०२५ च्या चित्रपटात त्याच आयझायाला पुन्हा कैदेत जावं लागतं. त्या वयात, त्या आयुष्यानंतर पुन्हा बेड्या, यावर पटकथा पुरेशी थांबत नाही. तिला राष्ट्राध्यक्ष लाल राक्षस होण्याची घाई आहे. माझ्या लेखी तो चित्रपट तिथं हरवला.

मुलासोबत काय बघायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. 'वॉचमेन' त्याच्या वयाला झेपणार नाही, ती सोळा-सतरानंतर. माइल्सचे स्पायडरमॅन चित्रपट दाखवा. दुसरा भाग भारतात मराठीतही आला होता आणि त्यात मुंबईच्या धर्तीवरच्या शहरातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकरही आहे. मग 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर'चा दुसरा भाग लावा. बाल्टिमोरमध्ये आयझायाच्या घरातून सॅम आणि त्याचा गोरा साथीदार बकी बाहेर पडतात आणि रस्त्यातच भांडायला लागतात. पोलिसांची गाडी थांबते. पोलीस सॅमकडे ओळखपत्र मागतात आणि बकीला विचारतात, हा माणूस तुम्हाला त्रास देतोय का? बकी कोण आहे, त्यानं आयुष्यात किती माणसं मारली आहेत, हे तुमच्या मुलाला पक्कं माहीत असेल. तिथं चित्र थांबवा, आणि पोलिसांनी तो प्रश्न बकीलाच का विचारला ते त्याला सांगू द्या.